वाकळीवर तपासलेली लेन्स

फोटोत मला डोळे नव्हते.

न्हाणीत लाल दिवा लावला होता. पसरट थाळीतल्या औषधाच्या पाण्यात कागद पडला होता आणि त्याच्यावर आमची गल्ली उगवत होती. आधी टँकरचं चाक आलं, मग घागरी, मग घागरींच्या मागं उभ्या बायका. रांगेच्या मधोमध सुमनबाई होती. तिच्या नाकातली मोरणी दिसली, कपाळावरचं गोंदण दिसलं. तिच्या शेजारच्या रझियाच्या बांगड्याही साफ उतरल्या होत्या. तिथून नजर उजवीकडं नेली की एकेक बाई विरघळत गेलेली. आणि अगदी कडेला, तोंडाच्या जागी भिजवलेल्या पिठाचा गोळा घेऊन जी उभी होती, ती मी.

"निले, हाललीस का गं तू?" अक्कांनी विचारलं.

"हलायला जागा कुठं होती? मागनं घागर टोचत होती."

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. हातातल्या शेवटच्या पाटल्या मोडून त्यांनी ती लेन्स नांदेडहून आणली होती, आणि तिच्यातून निघालेला हा पहिला फोटो. त्यांनी चिमट्यानं कागद उचलला, निथळू दिला आणि विचारलं, "बादलीत पाणी किती हाय?"

"हा एक धुऊन निघंल. मग सांजच्या भांड्याला न्हाई."

"धू मग. नीट धू."

बिघडलेला फोटो नीट कशाला धुवायचा, हे मला तेव्हा कळलं नाही. राग आला. पण धुतला.

यंदा, इतक्या वर्षांनी, उन्हाळ्यानं पुन्हा तेच तोंड दाखवलंय. लातुरात नळाला पाणी कधी येतं ते विचारायचंही लोकांनी सोडून दिलंय. आमच्या इमारतीखाली टँकर येतो, पंप लावून पाणी वर चढवतात, घागर घेऊन कुणी उभं राहत नाही. एवढाच फरक. आणि याच दिवसांत माझ्या नातीनं, पल्लवीनं, नवी लेन्स मागवली. खोक्यात खोकं, त्यात फुग्यांचा कागद, त्यात काळं कापड. पोरीनं लेन्स हातात घेतली आणि आधी तिला कानाजवळ नेऊन हलकेच हलवली. मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं.

"काय ऐकलालीस?"

"आत काही सुटलंय का ते, आजी. खुळखुळ नको वाजायला."

मग तिनं बॅटरीचा उजेड एका बाजूनं आत टाकून दुसऱ्या बाजूनं डोळा लावला. मग समोरच्या बिनगिलाव्याच्या विटांच्या भिंतीचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर चारही कोपरे मोठे करून बघत बसली. हे कोणी शिकवलं तर म्हणे मोबाईलवर बघितलं. असेल. मी तिला म्हटलं, कॅमेरा उलटा धरून पण एक काढ. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी इंग्रजीत बोलले.

मी चौथी शिकलेली बाई. लेन्सच्या आत काय असतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण लेन्स चांगली की वाईट ते कसं बघायचं, हे मला माहीत आहे, कारण एका उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरं काही चाललंच नव्हतं.

लातूर जिल्हा झाला त्याच्या मागोमागचे ते दिवस. आधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादला जावं लागे. आता कचेऱ्या इथंच आल्या, त्याही कुणाच्या माडीवर, कुणाच्या गोदामात. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला जेवायला सवड नव्हती. आणि कचेरी म्हटली की कागद आणि कागद म्हटला की त्याला चिकटवायला फोटो. ज्या बायकांनी लग्नातसुद्धा फोटो काढला नव्हता त्यांना एकदम फोटो लागायला लागला. गावातले फोटोवाले सगळे बापे. काळ्या कापडाखाली शिरून "मान वर करा, पदर मागं घ्या" म्हणणाऱ्या परक्या माणसापुढं बसायला बायका तयार नसत. त्या आमच्याकडं येत. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीवर पाटी होती: बायकांचे फोटो येथे बाई काढते.

ती बाई म्हणजे अक्का. नवरा फोटोवाला होता. तो गेला तेव्हा अक्का भावाच्या घरी परत आल्या, त्या हातात एक ट्रंक आणि गळ्यात कॅमेरा घेऊन. भाऊ म्हणजे आमचे मालक. त्यांनी खोली दिली. मी न्हाणी दिली, म्हणजे मला कुणी विचारलं नाही, पण भांडले नाही यालाच देणं म्हणायचं. दिवसा न्हाणीच्या फटी पोत्यांनी बुजवल्या की आत मिट्ट अंधार. त्या उन्हाळ्यात आंघोळी तशाही कोण करत होतं?

माझं काम फोटो धुण्याचं. फोटो पक्का करायला त्याला हायपोच्या पाण्यात घालतात. तो हायपो नंतर पुन्हा पुन्हा साध्या पाण्यानं काढावा लागतो. काढला नाही तर आज चांगला दिसणारा फोटो वर्षभरात पिवळा पडतो. ते पाणी ना झाडाला घालता येतं, ना जनावराला पाजता येतं. टँकरखाली उभं राहून, शिव्या खाऊन आणि देऊन आणलेलं पाणी मी कागदावरून ओतून गल्लीतल्या धुळीवर फेकत होते. मला बोलणारे बोलत. मीही बोलत होते, अक्कांना ऐकू जाईल असंच.

अक्कांची जुनी लेन्स बुरशी लागून गेली. पावसाळ्यात लागली असती तर समजलं असतं, पण ही आधीच्या वर्षांची, आतल्या आत वाढलेली. चेहऱ्यांवर धुकं दिसायला लागलं. तेव्हाच एक मोठं काम आलं. बालवाड्या चालवणाऱ्या बायकांचं शिबिर लातुरात भरलं होतं, नव्या जिल्ह्यातलं पहिलंच. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा मिळून फोटो. शिबिराच्या मोठ्या बाईंना फोटो काढायला बाईच हवी होती. हे काम नीट झालं तर पुढं शाळा, वसतिगृहं सगळी दारं उघडत होती. म्हणून अक्कांनी पाटल्या मोडल्या.

मालक दारात उभे राहून म्हणाले, "ह्यातनं काय निघालं न्हाई तर खोली रिकामी करायची, अक्का. मी ज्वारीची पोती ठिवतो तिथं. लई झालं हे फोटोचं."

"आन मी कुठं बसू?"

"घरात बसा की. कोण नको म्हनून राहिलंय?"

घरात बसणं म्हणजे काय ते अक्कांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. भाकरी मिळाली असती, कमी पडली नसती. पण विधवा बहीण म्हणून चुलीच्या कोपऱ्यात बसायचं आणि कुणी विचारलं तरच बोलायचं. माझं तेव्हा अक्कांवर फार प्रेम होतं असं काही नाही. तरी त्या कोपऱ्यात त्यांना बसलेलं बघायची माझी तयारी नव्हती. असली बाई कोपऱ्यात बसली तर घराला सुख लागत नाही.

नांदेडच्या करीमसेठचं दुकान छोटं होतं, पण बाहेरून आलेला माल त्याच्याकडं मिळे. लेन्स देतानाच त्यानं अक्कांना सांगितलं होतं, "बाई, काच हाय. माझ्या डोळ्याला चांगली दिसते, पन मी तिच्या पोटात शिरलेलो न्हाई. आठ दिवसांत खराबी दाखवा, बदलून देतो. आठ दिवसांनंतर अल्लाची जिम्मेदारी." आणि एक गोष्ट शिकवली. शंका आली तर तोच फोटो दोनदा काढायचा. एकदा कॅमेरा सरळ धरून, एकदा उलटा. पुसट जागा तिथंच राहिली तर समोरच्या वस्तूत खोट. जागा बदलली तर लेन्समध्ये.

तरी अक्कांनी घरी आल्या आल्या आपल्या रीतीनं तपासणी केली होतीच. आमच्यात इष्टलिंगाची पूजा करतात. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि दुसरं काही न बघता त्याच्याकडं बघत राहायचं. अक्का रोज सकाळी तशा बसत. त्या दुष्काळात अभिषेकाला पळीभर पाणी घेत, त्याहून थेंब जास्त नाही. पूजा झाली की तशाच बसल्या बसल्या त्यांनी लेन्स तळहातावर घेतली. कडेनं उजेड येऊ दिला. चकती फिरवून बघितली, कुठं अडते का. भोक लहानमोठं करणाऱ्या आतल्या पात्या उघडून मिटून बघितल्या, तेल आलंय का. मला हसू आलं होतं. देवाला बघावं तसं काचेला बघतात, असं मी सुमनबाईला सांगितलंही. सुमनबाई म्हणाली, "मग नवस बोल म्हनावं तिला." आज मला वाटतं, सवयीचा गुण असतो. रोज तळहातावरच्या एका गोष्टीकडं टक लावून बसणारी बाई दुसऱ्या गोष्टीकडंही तशीच बघणार.

त्या बघण्यात काही सापडलं नव्हतं. डोळ्याला लेन्स साफ. कॅमेऱ्यातून बघितलं तरी साफ. म्हणून पहाटे टँकर आला तेव्हा अक्कांनी ओट्यावर उभं राहून आमच्या रांगेचा फोटो काढला. रांग या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, म्हणून तपासायला बरी. आणि कडेला मी निघाले, डोळ्यांशिवाय.

आता प्रश्न असा की खोट रांगेत की लेन्समध्ये. रांग वाकडी असेल, मी मागं सरकले असेन, हलले असेन. माणसांचा भरवसा नाही. अक्कांना सरळ, सपाट, न हलणारं, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बारीक काम असलेलं काहीतरी हवं होतं. आजकाल विटांची भिंत चालते. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, पोट सुटलेल्या.

अक्का माझ्या अंथरुणाकडं बघत होत्या.

"न्हाई," मी म्हणाले.

"तुझी शिलाई लई सरळ असती, निले."

ही माझी कुणी केलेली पहिली स्तुती असावी. मी वाकळ काढून दिली. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे धावते टाके, कडेनं सुरू होऊन आत आत जाणाऱ्या रांगा, मूगडाळीएवढा एकेक टाका. लग्नाआधी मी ती शिवली होती. अक्कांनी ती परसातल्या सावलीच्या भिंतीवर लावली. माती फुगलेली होती म्हणून आधी दाराची फळी काढून टेकवली, तिच्यावर चारी बाजूंनी खिळे ठोकून वाकळ ताणली. माझ्या वाकळीला खिळे. मी आत निघून गेले.

फोटो काढणं सोपं होतं. धुवायला पाणी कुठं होतं? घरातल्या माठात प्यायचं तेवढं. टँकर परवा. आणि आठ दिवसांतले दिवस चाललेले. अक्का मागणाऱ्यातल्या नव्हत्या. मी मागणारी आहे. घागर घेऊन गल्लीत निघाले आणि रांगेत जी जी उभी होती तिच्या दारात जाऊन म्हणाले, "एकेक तांब्या द्या. फोटो धुवायचाय."

"कशाचा फोटो?"

"वाकळीचा."

गल्लीत आठ दिवस पुरेल एवढं हसू तिथं पिकलं. रझिया म्हणाली, "माणसांचे झाले वाटतं सगळे!" सुमनबाईनं बिघडलेला फोटो बघितला होता. ती म्हणाली, "अगं, निलीला डोळे लावायचेत म्हनून पानी पायजे. घाला गं, घाला. बिनडोळ्याची बरी दिसत न्हाई." आणि तिनं आधी घातलं. हसत हसत सगळ्यांनी घातलं. एकीनं तांब्या अर्धाच घातला, मी तिथंच उभी राहिले, मग तिनं राहिलेला घातला. त्या दिवसांत कुणी कुणाला तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, हे आज नळ फिरवणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

अक्कांनी एक फोटो कॅमेरा सरळ धरून काढला, एक उलटा धरून. तो उलटा काढताना भिंतीवरून चार डोकी वर आली. "अक्का, आता तुमी बी खाली डोकं वर पाय करा!" अक्का हसल्या नाहीत. काम करताना त्या हसत नसत. त्यांचा श्वासही दिसत नसे.

न्हाणीत दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सरळ काढलेल्यात वाकळीच्या उजव्या कडेचे टाके लोण्यासारखे पसरलेले. उलट्या काढलेल्यात डाव्या कडेचे. माझी उजवी कड तिथं टाका न् टाका स्वच्छ होती.

"लेन्सच हाय," अक्का म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं. उलट सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "तू हलली नव्हतीस, निले."

"मी सांगितलंच होतं."

नांदेडला जाताना अक्कांनी लेन्स घेतली, कॅमेरा घेतला, तिन्ही फोटो घेतले आणि वाकळ घेतली. वाकळीची वळकटी माझ्या डोक्यावर. यष्टीत अहमदपूर मागं पडलं तरी उभ्यानं. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, दवाखान्यात कोन हाय?" वळकटी घेऊन नांदेडला जाणारा माणूस दवाखान्यातच जाणार. अक्कांनी पिशवीवर हात ठेवून सांगितलं, "ही हाय. डोळ्याचं दुखणं हाय हिचं." कंडक्टरनं माझ्याकडं बघून हळहळ केली आणि लोह्याच्या पुढं मला जागा करून दिली. मी डोळे मिटून बसले. फुकट मिळालेली जागा कोण सोडतं?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळून पडली होती. बोरीबाभळी तेवढ्या उभ्या. जनावरं हाडांच्या चौकटी झालेली. अक्का खिडकीतून सगळं बघत होत्या आणि मधेच बोटांची चौकट करून डोळ्यासमोर धरत होत्या. मला तेव्हा ते कसंतरीच वाटलं. आज वाटत नाही. ज्याचं जे काम त्याचे डोळे तिकडंच जातात.

करीमसेठच्या दुकानाच्या मागं नळ होता आणि तो चालू होता. गोदावरीचं गाव. मी लेन्सबिन्स विसरून आधी तोंड धुतलं, मान धुतली, हात कोपरापर्यंत धुतले. अक्का बघत होत्या. त्यांनीही एक ओंजळ घेतली, पण ती पाण्याचा गारवा लागण्यापुरती, मग नळ नीट घट्ट बंद केला.

सेठनं फोटो बघितले. "बाई, तुमच्याकडं पानी न्हाई. धुवायला कमी पडलं असंल. डाग हाय हा."

"डाग पिवळा असतो, सेठ. आन डाग एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उडी मारत न्हाई."

सेठनं स्वतः लेन्स कॅमेऱ्याला लावली, बाहेर रस्त्यावर जाऊन समोरच्या दुकानांचा फोटो काढला, आत जाऊन धुऊन आणला. आम्ही चहा पीत बसलो. फोटो कडेपासून कडेपर्यंत साफ. सेठनं तो अक्कांपुढं ठेवला. मला दिसलं ते एवढंच, की अक्कांची खोली आणि तिच्यात ज्वारीची पोती.

अक्कांनी फोटो उचलून बघितला. "चांगलाय," म्हणाल्या. "उन्हात लेन्सचं भोक बारीक करून काढलाय तुमी. बारीक भोकातनं सगळं साफ दिसतं. खोट झाकून जाती. मी बायकांचे फोटो काढते, सेठ. बायका उन्हात बसत न्हाईत. आतल्या उजेडात भोक मोठं करून काढा."

"आतमधी एवढं सपाट काय हाय काढायला?"

मी वळकटी सोडली.

दुकानाचं अर्धं शटर ओढून त्याच्यावर वाकळ ताणली. गिऱ्हाईकं थांबून बघत होती. सेठनं भोक मोठं ठेवून सरळ फोटो काढला, मग कॅमेरा उलटा केला. उलटा करताना त्यालाच हसू आलं. "मीच शिकवलं, माझ्याच गळ्यात आलं." या खेपेला तो आतून बाहेर यायला वेळ लागला. आला तो ओले कागद हातातच घेऊन. टेबलावर ठेवले, चष्मा वर केला, खाली केला.

"मधला माणूस तर साफ हाय की, बाई," तो म्हणाला, पण आता भांडणासाठी नाही, नुसता विचारत होता. "ग्रूप फोटोत मधी साहेब बसतो. कडेला कोन बघतंय?"

"जी कडेला उभी असती ती बघती," अक्का म्हणाल्या. "ती आधी सोतालाच हुडकती. मधल्याला काय, त्याचे लई फोटो असत्यात."

सेठनं कपाटातून दुसरी लेन्स काढून दिली. आमचं काम झालं असं समजून मी वाकळ काढायला लागले. अक्का म्हणाल्या, "राहू दे." सेठ त्यांच्या बोलीत म्हणाला, "अब इसकू बी उलटा करके देखते क्या?" अक्कांनी मान हलवली. दुसऱ्या लेन्सच्या काचेत तिळाएवढा बुडबुडा होता. मला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला आणि मी लगेच सांगितला. अक्कांनी बघितला आणि लेन्स कॅमेऱ्याला लावली. सरळ फोटो, उलटा फोटो, नळाखाली मी धुतलेले, मोकळ्या हातानं, पाण्याची धार सोडून. चारही कडांचे टाके मोजता येतील असे. बुडबुड्याचा कुठं पत्ता नाही.

"ही द्या," अक्का म्हणाल्या.

"बुडबुड्याची?" मी विचारलं.

"बुडबुडा मला दिसतो. फोटोत कुनाला नडत न्हाई."

सेठनं दुकानाच्या बाहेरपर्यंत येऊन निरोप दिला. अक्कांना म्हणाला, "बाई, नांदेडला दुकान टाका. मी तुमच्याकडं माल तपासायला पाठवत जाईन." अक्का तेव्हा हसल्या. काम झालं होतं.

शिबिराचा फोटो कडुनिंबाच्या सावलीत झाला. खुर्च्यांवर मोठ्या बाई आणि पाहुणे, मागं दोन रांगांत बालवाडीच्या बायका, उदगीरच्या, निलंग्याच्या, औशाच्या. अक्कांनी कॅमेऱ्यातून बघितलं, डोकं वर काढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बाईला हाक मारली. शिबिराचा स्वयंपाक तीच करत होती, लांबून पाणीही तीच आणत होती. चंद्रभागा नाव.

"मी कशाला, ताई? हात पिठाचे हायेत."

"पिठाचे हात मागं धर. उजवीकडं जागा हाय, ये."

मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या. चंद्रभागा सगळ्यात कडेला उभी राहिली, हात मागं बांधून.

फोटो चांगला आला. मग नवी अडचण. प्रत्येकीला एकेक प्रत पाहिजे आणि एवढ्या प्रती धुवायला पाणी नाही. या वेळी अक्कांनीच निरोप धाडला: ज्या बाईला फोटो पाहिजे तिनं येताना तांब्याभर पाणी आणावं. बायका आल्या. कुणी कळशी आणली, कुणी दुधाच्या किटलीत, एक तर सलाइनच्या बाटल्यांत भरून घेऊन आली. आमच्या ओट्यावर पाण्याची दुकानदारी मांडल्यासारखं झालं. मालक दारात उभे राहून बघत होते. ज्वारीच्या पोत्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "अक्काला च्या नेऊन दे. सकाळपासनं आतच हाय."

चंद्रभागा सगळ्यांच्या शेवटी आली, घागर भरून घेऊन. फोटो हातात घेतला तो दोन्ही हातांनी. मधल्या खुर्च्यांकडं तिनं बघितलंच नाही. बोट सरळ उजव्या कडेला नेलं.

"ही तर मीच की!" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "कानातलं बी आलंय, बघा."

आलं होतं. पितळेचं फूल, त्याच्या पाकळ्यांसकट.

पुढं अक्कांची खोली पुष्कळ वर्षं चालली. कचेरीतल्या बायका, कॉलेजातल्या पोरी, सगळ्या तिथं बसून गेल्या. बुडबुड्याची लेन्स शेवटपर्यंत कॅमेऱ्याला होती. मी अक्कांशी आयुष्यभर भांडले. पाण्यावरून, न्हाणीवरून, हायपोच्या वासावरून, वाकळीला पडलेल्या खिळ्यांच्या भोकांवरून. वाकळीचं नंतर पोतेरं झालं. पण त्यांच्यासारखी काम करणारी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि हे त्या जिवंत असताना मी त्यांना सांगितलं होतं, भांडतानाच. त्या म्हणाल्या होत्या, "मग वरडायलीस कशाला?"

पल्लवीनं परवा कॅमेरा उलटा धरून भिंतीचा दुसरा फोटो काढला, माझ्या सांगण्यावरून. लेन्स चांगली निघाली. पोरीनं विचारलं, हे तुला कसं माहीत. मी ट्रंकेतून टँकरच्या रांगेचा फोटो काढून दिला. नीट धुतला होता, म्हणून इतक्या वर्षांत पिवळा पडलेला नाही. पोरगी मधल्या बायकांकडं बघत राहिली. ही कोण, ही कोण, विचारत गेली. मी सांगत गेले. ही सुमनबाई, गेली. ही रझिया, हैदराबादला लेकीकडं गेली होती, तिथंच वारली. ही टोपलीवाली, ही तिची सून, दोघी गेल्या. अक्का यात नाहीत, त्या ओट्यावर उभ्या राहून काढत होत्या. त्याही गेल्या.

"आणि ही, चेहरा नसलेली?"

"ती मी," मी म्हणाले. "त्यातली आता मीच तेवढी हाय."